सागरी दावे आणि न्यायालये : कालबाह्य कार्यपद्धतीला निरोप

बंदरात नांगरलेले जहाज आज येथे, तर उद्या परमुलखात असते. मालक एका देशाचा, नोंदणी दुसऱ्या देशातील आणि खलाशी तिसऱ्याच देशाचे, हा सागरी व्यापारातील नित्याचा प्रकार होय. अशा जहाजावरील खलाशाचा पगार थकला, व्यापाऱ्याच्या मालाचे नुकसान झाले अथवा मच्छीमाराच्या होडीला धडक बसली, तर दाद कशी मागावयाची? परदेशस्थ मालकावर समन्स बजावले जाईपर्यंत जहाज निघून गेलेले असते. म्हणूनच सागरी कायद्यात दावा थेट जहाजावर दाखल करता येतो. न्यायालयाच्या आदेशाने जहाज अटकावून ठेवले जाते. मालकाने पुरेसे तारण दिल्यास ते मुक्त होते. न दिल्यास जहाज विकून दावेदारांचे देणे भागविता येते.

न्यायालयांच्या या अधिकाराचा आधार मात्र भारतात दीर्घकाळ ब्रिटिश अमदानीतील १८४०, १८६१, १८९० व १८९१ चे कायदे हाच होता. शिडाची जहाजे व नव्याने आलेल्या आगबोटी यांच्या काळातील ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही सुमारे सात दशके चालू राहिली. खुद्द ब्रिटनने १९५६ व १९८१ मध्ये आपला कायदा सुधारला. आपल्याकडे मात्र अधिकार मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन जुन्या उच्च न्यायालयांपुरताच मानला जात असे.

याचे परिणाम 'एम. व्ही. एलिझाबेथ' खटल्यात दिसून आले. १९८४ मध्ये गोव्यातील एका कंपनीचा माल घेऊन हे परदेशी जहाज मुरगाव बंदरातून निघाले. किंमत चुकती न झाल्याने माल देऊ नये, अशी सूचना असतानाही तो परदेशात देण्यात आला. पुढे हे जहाज विशाखापट्टणम येथे आले असता आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने अटकाविण्यात आले. त्यावर मालकांनी हरकत घेतली की, जुना कायदा देशात येणाऱ्या मालाविषयी आहे, बाहेर जाणाऱ्या मालाविषयी नाही. शिवाय या न्यायालयाला तसा अधिकारच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही हरकत फेटाळली आणि नव्या कायद्याची गरज स्पष्ट केली. केवळ अधिकाराचा प्रश्न सुटण्यास आठ वर्षे लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अखेर संसदेने २०१७ मध्ये सागरी दाव्यांविषयीचा स्वतंत्र कायदा संमत केला व तो १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. जुने कायदे रद्द झाले. मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या जोडीला गुजरात, कर्नाटक, केरळ, ओरिसा व तत्कालीन हैदराबाद या उच्च न्यायालयांनाही अधिकार मिळाले. कोणते दावे करता येतील याची यादीच कायद्यात दिली आहे. वेतन, मालाची हानी, टक्कर, जीवितहानी, बंदराची देणी आणि पर्यावरणाचे नुकसान यांचा तीत समावेश होतो. मालकावरही अन्याय होऊ नये, म्हणून जहाज विनाकारण अटकाविल्यास भरपाई देण्याची हमी न्यायालय दावेदाराकडून घेऊ शकते. अंतर्देशीय जलमार्गावरील नौकांना हा कायदा सामान्यतः लागू नाही.

जहाजावरील बोज्यांमध्ये खलाशांच्या वेतनाला पहिले स्थान देण्यात आले आहे, ही यातील विशेष महत्त्वाची तरतूद होय. मायदेशी परतण्याचा खर्चही त्यात येतो. मात्र वेतनाचा हा अग्रहक्क रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षे टिकतो. इतर बहुतेक बोज्यांना एकच वर्षाची मुदत आहे. तसेच जहाज ज्या उच्च न्यायालयाच्या सागरी हद्दीत असेल, तेथेच दाद मागावी लागते.

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील अनेक घरांचा संसार जहाजावरील नोकरीवर चालतो. पगार थकल्यास 'पुढच्या बंदरात मिळेल' या आश्वासनावर विसंबून मुदत निघून जाऊ देणे हिताचे नाही. नोकरीच्या कराराची प्रत, वेतनाचा हिशेब व जहाजाचे नाव घरी जपून ठेवावे आणि वेळीच विधी सेवा प्राधिकरणाचा किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी एवढी माहिती किनाऱ्यावरील कुटुंबांपर्यंत पोहोचविली, तरी या सुधारणेचा लाभ खऱ्या गरजूंच्या पदरात पडेल.