जुन्या गोव्यातील चुन्याचे कवच

दिवाळी जवळ आली की आपण घराच्या भिंतींना सफेदी देतो. घर चकचकीत दिसावे, एवढाच हेतू आपल्या मनात असतो. परंतु कोकणात आणि गोव्यात भिंतीवर चढणारा चुना केवळ शोभेचा नसतो. तो भिंतीला पावसापासून वाचवतो. याची खात्री करून घ्यायची असेल, तर जुन्या गोव्यातील चर्चे पाहावीत.

तेथील बहुतेक चर्चे जांभ्या दगडाची आहेत. जांभा मोठा सोयीचा. खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. पण अंगाने सच्छिद्र! वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस झेलायचा म्हणजे त्याला पांघरूण हवेच. जुन्या गवंड्यांना हे पुरते ठाऊक होते. म्हणूनच ते जांभ्यावर चुन्याचा गिलावा देत. आजही तेथील से कॅथेड्रल आपल्या पांढऱ्या अंगाने दुरून उठून दिसते.

त्याच्या समोरच रस्त्यापलीकडे बॉम जेझू बासिलिका आहे. 1594 साली हिचे बांधकाम सुरू झाले आणि 1605 साली ती पूर्ण झाली. सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव येथेच, गोव्याच्या कारागिरांनी घडविलेल्या चांदीच्या पेटीत ठेवलेले आहे. त्याखालचा संगमरवरी चौथरा तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठविला. तो 1698 साली उभारण्यात आला.

या बासिलिकेचा तांबूस, उघडा जांभा पाहून प्रवासी हरखून जातात. ‘काय हे प्राचीन सौंदर्य!’ असे उद्गार सहज निघतात. मात्र हे रूप फार जुने नाही. 1950 नंतरच्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, बाहेरचा गिलावा खरवडून काढण्यात आला. इमारत अधिक पुरातन दिसावी, ही त्यामागची कल्पना! तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट दगडावर कोसळतो आहे. जांभा पाणी पितो, झिजतो आणि त्यावर शेवाळ धरते. गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी होते. पण ‘लाल चर्च’ची सवय झालेल्या डोळ्यांना ते पांढरे झालेले रुचेल का, हा प्रश्न उरतोच.

दुर्लक्षाचे फळ काय, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. जवळच्याच टेकडीवर सेंट ऑगस्टिनचे भव्य चर्च होते. 1835 साली ते ओस पडले. देखभाल थांबली आणि 1842 साली छताची कमान खाली आली. 1931 साली दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा हिस्सा कोसळला. आज सुमारे 46 मीटर उंचीचा एक भग्न मनोरा तेवढा उभा आहे. त्याची प्रचंड घंटा मात्र वाचली. 1871 पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

1986 साली जुन्या गोव्यातील चर्चे व मठ जागतिक वारसा ठरले. सन्मान मोठा खरा, पण पावसाला त्याचे काय! कौले चाळणे, पन्हळी साफ ठेवणे, चुना देणे, ही कंटाळवाणी कामे वर्षानुवर्षे करावीच लागतात. पुढच्या खेपेस गोव्यास गेलात, तर झेवियरच्या पेटीचे दर्शन घेतल्यावर बासिलिकेला बाहेरून एक फेरी अवश्य घाला आणि त्या उघड्या दगडाकडे जरा निरखून पाहा.