टी-पेशींचा लिम्फोमा : एएलके, वय आणि मेणाचा ठोकळा

एएलके हे प्रथिन निरोगी प्रौढ शरीरात मज्जासंस्थेतील मोजक्या पेशी सोडल्या तर जवळजवळ कुठेच सापडत नाही. म्हणून मानेतल्या किंवा काखेतल्या गाठीच्या कापावर त्याचे प्रतिपिंड लावल्यावर पेशी तपकिरी रंगल्या, तर तो पुरावा भक्कम मानतात. अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा या टी-पेशींच्या कर्करोगात अनेकदा दुसऱ्या व पाचव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. एएलकेचे जनुक एनपीएम या जनुकाला चिकटते आणि पेशीला सतत वाढायला लावणारे जोडप्रथिन तयार होते. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील संशोधकांनी १९९४ साली ही जोडणी उलगडली. रंग कुठे उमटतो, हेही पाहण्यासारखे असते : एनपीएमशी जोडलेले एएलके केंद्रकात आणि पेशीद्रवात, दोन्हीकडे दिसते. रंग फक्त पेशीद्रवात असेल, तर एएलकेचा जोडीदार बहुधा दुसरा असतो.

गेल्या लेखांकानंतर कवठे महांकाळच्या एका वाचकाने विचारले आहे, की रिपोर्टात ‘एएलके पॉझिटिव्ह’ आले म्हणजे आजार जास्त का? उलट, ही त्यातल्या त्यात दिलाशाची खूण आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत एएलके असलेले सुमारे ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, नसलेले ४९ टक्के. कोणत्याच ठरावीक प्रकारात न बसणाऱ्या टी-पेशी लिम्फोमात हे प्रमाण ३२ टक्के होते.

मात्र एएलके असलेले रुग्ण बहुतेक मुले आणि तरुण असतात, नसलेले बरेचसे उतारवयातले. चाळिशीच्या आतल्यांचीच तुलना केली, तेव्हा दोन गटांतला फरक जवळपास राहिला नाही. म्हणजे या प्रथिनाच्या खात्यावर मांडलेले बरेचसे यश वयाचे आहे, आणि रुग्णाला आकडा सांगताना हे सांगितलेच पाहिजे. एएलके नसलेला गटही एकजिनसी नाही. २०१४ च्या एका अभ्यासात डीयूएसपी२२ जनुकात फेरबदल असलेले ९० टक्के रुग्ण पाच वर्षे जगले, टीपी६३ मध्ये फेरबदल असलेले अवघे १७ टक्के. यातला पहिला आकडा पुढच्या काही अभ्यासांत तितका चांगला राहिला नाही.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २००० साली २,७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांची वर्गवारी प्रसिद्ध केली. त्यात टी-पेशींचे १६.२ टक्के होते आणि अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल हा प्रकार ४.३ टक्के. इतका विरळ आजार लहान प्रयोगशाळेच्या नजरेखालून क्वचितच जातो, म्हणून मोठे केंद्र पुन्हा तपासणी करते आणि रिपोर्टाबरोबर गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक मागते. काचपट्टीवर एकच काप असतो. ठोकळ्यातून अनेक वर्षांनंतरही नवे काप काढून नवी प्रथिने शोधता येतात. मिरजेला गाठ काढून पुढे मुंबईला निघालेल्या रुग्णाने ब्लॉक सोबत नेला, तर दुसऱ्यांदा गाठ काढण्याची वेळ सहसा येत नाही.

काढलेली गाठ लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. उशीर झाला तर प्रथिने बिघडतात, रंग फिका येतो आणि असलेले एएलके नसल्यासारखे दिसू शकते. नुसत्या सुईच्या तपासणीत गाठीची रचना दिसत नाही. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की आधी क्षयाची शंका येते. क्षयाच्या औषधांनी ती कमी होत नसेल, तर अख्खी गाठ काढून तपासणे बरे.

या पेशींवरचे सीडी३० हे प्रथिन आणि त्यावर नेम धरणारे औषध या वेळी येणार होते. ते आता पुढच्या आठवड्यात.