घरी परतलेल्या फायरमनची आठवण

14 एप्रिल उजाडला की केळझरच्या आपल्या वस्तीत निळ्या पताका, पांढरी वस्त्रे आणि मिरवणुकीची लगबग सुरू होते. त्याच सकाळी देशभरातील अग्निशामक केंद्रांवर परेड होऊन शहीद जवानांना मानवंदना दिली जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बाबासाहेबांची जयंती आणि अग्निशमन सेवा दिन एकाच तारखेला येतात.

यामागे 1944 सालची घटना आहे. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट उभी होती. तिच्यात सुमारे 1400 टन स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी आग लागली. आपण कापसाच्या मुलखातली माणसे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबलेल्यांना सांगायला नको की, दाबलेली गाठ वरून विझली तरी आत धुमसत राहते. जवानांनी पाण्याचा मारा केला. पण चार वाजल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशामक दलाची 66 माणसे कर्तव्यावर असताना गेली. आपल्या वर्धा जिल्ह्यातही 31 मे 2016 रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. तिथे आगीशी झुंजणारे कर्मचारी, जवान आणि अधिकारी बळी पडले.

गेलेल्यांना आपण अभिवादन करतो, ते योग्यच आहे. परंतु वाचकहो, जो प्रत्येक पाळी संपवून घरी परतला, निवृत्त झाला आणि पेन्शन घेऊन गावी राहायला आला, त्याची आठवण कोण ठेवणार?

असा माणूस बहुधा माणसांत रमणारा असतो. त्याला कारण आहे. बंबावर एकट्याचे काही चालत नाही. पाण्याच्या जोराने पाइप मागे रेटतो. एकाने तोटी धरायची, दुसऱ्याने मागून आधार द्यायचा, तिसऱ्याने पंप सांभाळायचा. सोबत्यावर भरवसा ठेवण्याची ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. लग्नाच्या मांडवात तो सर्वांच्या आधी हजर असतो आणि गप्पा मारता मारता भट्टीपासून मांडवाचे कापड किती लांब आहे, ते बघून घेतो.

त्याच्या नोकरीचा अर्धा भार घरच्या बाईने वाहिलेला असतो. दिवाळीत फटाक्यांमुळे आगी वाढतात, म्हणून त्या दिवसांत सुट्टी मिळणे कठीण. जयंतीला आधी परेड, मग मिरवणूक. रात्री घंटा झाली की तो बंबावर चढायचा आणि ती मुलांना निजवून दाराकडे कान लावून बसायची. तिला कोणी पदक दिले नाही.

आपल्याकडे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ‘स्वभावाने मनमिळाऊ होते’ एवढे बोलून आपण थांबतो. तेवढ्याने माणूस कळत नाही. नोकरीला कोणत्या साली लागले, कोणत्या केंद्रावर होते, कोणती आग विसरता आली नाही, घरी येऊन काय सांगत, हे सारे एका वहीत लिहून ठेवावे. आणि हे ते हयात असतानाच विचारावे.

त्यात आपलाही फायदा आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून नागपुरात आहे. परंतु घरातल्या मुलांना पहिला धडा आबाजीच देऊ शकतात. कढईतील तेल पेटले तर पाणी ओतू नये, गॅस बंद करून वर झाकण सरकवावे. गॅसचा वास आला तर बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात. अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजल्यास टूथपेस्ट लावू नये. वीसेक मिनिटे साध्या गार पाण्याची धार सोडावी आणि दवाखाना गाठावा. धूर भरला तर वाकून, जमिनीलगत बाहेर पडावे.

तेव्हा येत्या 14 एप्रिलला वस्तीत असा कोणी निवृत्त फायरमन असेल तर त्यांना आणि त्यांच्या पत्नीला मानाने पुढे बसवा. सत्काराचे भाषण थोडक्यात आवरा. मुलांना त्यांच्याभोवती बसवा आणि प्रश्न विचारू द्या. एखाद्या शिकलेल्या मुलीच्या हाती वही-पेन द्या. माणूस आज ना उद्या जाणारच, परंतु त्याने आयुष्यभर कमावलेले शहाणपण त्याच्याबरोबर जाऊ देऊ नका.