लालपत्तीला हवा काळोख

आमच्या क्वार्टरच्या दारात तेलाच्या रिकाम्या डब्यात लालपत्तीचे झुडूप होते. कमरेएवढे वाढले, पण दोन हिवाळे गेले तरी एक पान लाल होईना. ऑफिसातले सहकारी म्हणाले, "खत कमी पडतंय." शेणखत झाले, निंबोळी पेंड झाली. झाड आणखी हिरवेगार! "उपटा आता, तिथे गवती चहा लावू," असे पत्नी म्हणू लागली.

त्याच झाडाची एक फांदी बहिणीने गावी नेऊन परसात लावली होती. डिसेंबरात गेलो तर ते झाड लालबुंद! तिच्या परसात दिवा नाही. आमच्या दारासमोर मात्र खांबावरचा दिवा रात्रभर जळतो. घोडे तिथेच अडले होते.

लालपत्ती म्हणजे पॉइन्सेटिया. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पाने. खरी फुले मधोमध, बारीक, पिवळट. ती पाने रंगायला रोज बारा तासांहून जास्त सलग काळोख लागतो. चौदा तास मिळाला तर उत्तम. रात्री मध्येच थोडा वेळ उजेड पडला तरी हिशेब बिघडतो. दिवसा मात्र भरपूर ऊन पाहिजे.

दुकानदाराकडून फ्रिजचे रिकामे खोके मागून आणले. एक ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहाला पत्नी ते झाडावर घाली, सकाळी आठला मी काढी. शेजारी हसत. नोव्हेंबरअखेर शेंड्याची पाने तांबूस झाली, तेव्हा तेच शेजारी फांदी मागायला आले!

हे झाड मूळ मेक्सिकोचे. तिथले नाहुआ लोक त्याला 'कुएत्लाशोचित्ल' म्हणत. १८२०च्या दशकात अमेरिकेचे वकील जोएल पॉइन्सेट यांनी ते आपल्या देशात नेले आणि झाडाला नाव त्यांचे पडले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते जोपासले, त्यांचे नाव मागेच राहिले.

फुलदाणीसाठी फांदी कापली की पांढरा चीक वाहतो आणि पाने लवकर माना टाकतात. म्हणून कापलेले टोक काही सेकंद मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावे, मग पाण्यात ठेवावे. पान खाल्ले तर माणूस दगावतो, ही समजूत खरी नाही. पोट बिघडू शकते इतकेच. पण चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, कातडीलाही खाज सुटते. लहान मुलांच्या हाती कात्री देऊ नका.

रंग ओसरला की झाड निम्म्यावर छाटावे. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीतभर फांद्या घेऊन, चीक धुऊन, वाळूमिश्रित मातीत लावाव्यात. पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात. कलम वाढू लागले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. सप्टेंबर उजाडल्यावर मात्र शेंड्याला हात लावू नये.