बॅरल रिकामं केलं, पण घासलं का?

आजचा भाग वडूजमधून, आमच्याच घरातला. हेडफोन कानात राहू द्या, फक्त उठून पाण्याच्या बॅरलपाशी जा आणि मोबाईलचा टॉर्च आत मारा.

मागच्या पावसाळ्यात धाकट्या भावाला डेंग्यू झाला. ताप, डोळ्यांच्या मागं ठणका, प्लेटलेट उतरलेल्या. आई म्हणायची, गटारामुळं झालं. आशाताई आल्या, त्यांनी गटाराकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ न्हाणीतल्या बॅरलमध्ये टॉर्च मारला. आत बारीक अळ्या वळवळत होत्या! रात्री आम्ही मच्छरदाणी लावत होतो आणि दिवसा चावणारा डास घरातच वाढवत होतो.

हा डास, एडिस इजिप्ती, गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आता खटाव-माण म्हणजे दुष्काळी पट्टा. ‘पाणी साठवू नका’ असं आम्हाला सांगून काय उपयोग? जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तोही पुण्या-मुंबईत नाही, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. झिका पसरवणारा डासही हाच.

खरी गंमत अंड्यांची आहे. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवते. बॅरल रिकामं करून उन्हात ठेवलं तरी ती कित्येक महिने टिकतात. पाणी भरलं की पुन्हा अळ्या. म्हणून काथ्यानं नाहीतर ब्रशनं कडा खसाखसा घासायच्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’. फ्रिजमागचा ट्रे, कूलर आणि गच्चीवरचा टायर विसरू नका. धुराच्या फवारणीनं उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात. जनावरांच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात.

आमच्याकडं शनिवार माझा. पहिल्या शनिवारी आज्जी भांडायलाच उठली, “आरं, एवढं पाणी सांडतोस?” तिचं बरोबरच होतं. आता मी पाणी फडक्यातून बादल्यांत गाळतो, फडकं उन्हात झटकतो, बॅरल घासतो. गाळलेलं पाणी भांड्यांना आणि दारातल्या कढीपत्त्याला. आणि बॅरलच्या तोंडाला आज्जीचं जुनं लुगडं, दोरीनं गच्च बांधून.