एव्हरेस्ट राहू द्या, गाळपेराचं बोला

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना आटोपली की जळगाव-धुळ्याच्या अंकांत एक बातमी ठरलेली: हतनूर धरणावर परदेशी पाहुण्यांचं आगमन. फोटो पट्टकादंबाचा, म्हणजे आपल्याकडे सर्रास राजहंस म्हणतात त्याचा. मजकुरात सायबेरिया आणि एव्हरेस्ट हवेतच. खरं तर हा पक्षी वीण करतो तो मुख्यतः मंगोलिया, तिबेट, चीनमधलं छिंगहाय सरोवर आणि किरगिझस्तान या भागांत. लडाखच्या तळ्यांवरही त्याची घरटी असतात, तेव्हा सरसकट ‘परदेशी’ म्हणण्यातही अर्थ नाही.

राहिलं एव्हरेस्ट. पाठीवर ट्रान्समीटर बसवलेल्या पट्टकादंबांची नोंदली गेलेली कमाल उंची ७,२९० मीटर आहे. एव्हरेस्ट ८,८४९. हा पक्षी शिखरं ओलांडत नाही, खिंडी धरून जातो. जमीन चढली की चढतो, उतरली की उतरतो. तेही बहुधा रात्री किंवा पहाटे, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना आधार देते. वाऱ्यावर स्वार होऊन तो हिमालय पार करतो ही समजूतही मोजमापात टिकली नाही. पंख मारत, स्वतःच्या बळावरच तो वर चढतो.

हे बळ येतं कुठून, याचा छडा लावणाऱ्या संशोधकांत जेसिका मायर हे नाव विसरता येणार नाही. अंडी फुटल्यावर पट्टकादंबाच्या पिल्लांनी पहिल्यांदा या बाईंना पाहिलं आणि त्यांनाच आई मानलं. मग आई सायकलवर किंवा स्कूटरवर पुढे आणि पोरं शेजारून उडत, असा सराव झाला. पुढे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात या पक्ष्यांना तोंडावर मुखवटा चढवून वाऱ्याच्या बोगद्यात उडवलं आणि मुखवट्यातला प्राणवायू कमी कमी करत नेला. पंखांची लय जवळपास तशीच राहिली, शरीराचा खर्च मात्र पक्ष्यांनी कमी केला. फुप्फुसं मोठी, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट आणि विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेणारं हिमोग्लोबिन, अशी या पक्ष्याची शिदोरी आहे. निष्कर्ष सप्टेंबर २०१९ मध्ये छापून आले. तोवर अंतराळवीर झालेल्या मायरबाई त्याच महिन्यात अंतराळ स्थानकावर पोहोचल्या आणि १८ ऑक्टोबरला फक्त महिलांच्या पहिल्या अंतराळ पदयात्रेत बाहेर पडल्या. इतकी मजेशीर गोष्ट सोडून आपण सायबेरियाच का छापत बसतो, कळत नाही.

या पक्ष्यांवर ट्रान्समीटर चढले त्याला मोठं कारण बर्ड फ्लूची भीती हे होतं. २००५ मध्ये छिंगहाय सरोवरावर सहा हजारांहून अधिक पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब मोठ्या संख्येने. पुढच्याच फेब्रुवारीत भारतातला पहिला उद्रेक सापडला तो आपल्या खानदेशात, नवापूरच्या पोल्ट्रीत. तेव्हा जगभर बोट या प्रवाशांकडे होतं. कोंबड्या, पिल्लं आणि खाद्य यांची ट्रकांतून चालणारी ये-जा त्या मानाने चर्चेत कमीच आली. आजाराचा प्रसार वन्य पक्ष्यांतून होतो हे खरं, पण सगळं त्यांच्याच माथी मारणं पोल्ट्रीवाल्यांच्या सोयीचं.

आता हतनूरकडे. तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात आणि दोघींचा गाळ या धरणात येऊन बसतो. पाटबंधारेवाल्यांच्या लेखी हे दुखणं आहे, कारण साठा घटतो. पक्ष्यांच्या लेखी हीच मेजवानी. पाणी ओसरत जातं तसा चिखलाचा उथळ पट्टा उघडा पडतो, त्यावर कोवळं गवत येतं आणि पट्टकादंब बदकासारखी बुडी न मारता गाईसारखा चरतो. महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूर आहे ते उगाच नाही. दुर्बीण लावली तर कळपातली कुटुंबं ओळखू येतात. डोक्यामागे दोन ठळक काळे पट्टे असतील तर तो प्रौढ. मान करडी आणि पट्टे नसतील तर ते गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू. पहिला हिवाळा पिल्लं आईबापांसोबतच काढतात. म्हणून माझ्या मते गणनेत नुसता आकडा लिहून भागत नाही. पिल्लं किती, हेही लिहावं. तिकडे वीण कशी झाली ते त्यावरून इथे बसून समजतं.

अडचण अशी की हाच पट्टा गाळपेराचा, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करण्याचा. ओल असते, खत लागत नाही, हरभरा-गहू जोमाने येतो. दिवसा पाण्यात विसावलेला कळप रात्री त्याच कोवळ्या पिकात उतरला, तर शेतकऱ्याने काय करायचं? फटाके फोडणाऱ्याला मी दोष देणार नाही. जागतिक यादीत हा पक्षी आज धोक्याबाहेर आहे, पण चरण्याची जागाच नांगराखाली गेली तर त्या शेऱ्याचा हतनूरला उपयोग शून्य.

तेव्हा मागणी साधी आहे. गाळपेराचे पट्टे देताना काठालगतची एक पट्टी मार्चअखेरपर्यंत मोकळी सोडा आणि नुकसान झालेल्या शेतकऱ्याला भरपाई द्या. आणि धुळ्याच्या नकाणे तलावावर किंवा हतनूरलगत मेहूणच्या काठावर हौसेने जाणाऱ्यांनी ड्रोन घरीच ठेवावा. एखाद्या पक्ष्याच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसला, तर त्याचा रंग, त्यावरची अक्षरं, तारीख आणि जागा लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.