जखम केवढी, यापेक्षा ती कुठे

लाकडी रिकर्व्ह धनुष्याला साईट, प्लंजर किंवा स्टॅबिलायझर बसवताना काहीतरी चुकतं. स्क्रू तिरका शिरतो, आट्यांचं पितळी बुशिंग जागच्या जागी फिरू लागतं, नाहीतर पाना निसटून लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेच्या, कडेला खाच पडते. त्यानंतर घेतले जाणारे निर्णय पाहिले की मोजण्याची पट्टीच चुकते आहे असं वाटतं. आटे गेले, म्हणजे धनुष्य वाया गेलं असं धरून ते माळ्यावर टाकलं जातं. लिम्बची खाच मात्र नखाएवढीच दिसते, म्हणून त्या धनुष्यावर दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा सराव सुरू होतो. यातलं पहिलं धनुष्य बहुतेक वेळा बाण मारण्याच्या दृष्टीनं पूर्ण निरोगी असतं, तर दुसरं पूर्ण ओढीवर, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर मोडू शकतं. नुकसान डोळ्यांना केवढं दिसतं यावरून त्याचं गांभीर्य ठरत नाही. ते धनुष्याच्या कोणत्या भागात आणि लाकडाच्या तंतूंच्या कोणत्या दिशेनं झालं आहे, हे पाहावं लागतं.

सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी एक समजूत आहे: लाकूड हा कच्चा माल, म्हणून लाकडी धनुष्य नाजूक आणि धातूच्या रायझरचं (मधल्या मुठीच्या भागाचं) भक्कम. लाकूड तंतूंच्या दिशेनं ओढलं तर विलक्षण चिवट असतं. त्याच लाकडाला तंतूंच्या आडव्या दिशेनं फाकवायला मात्र साधारण विसाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी जोर पुरतो. म्हणूनच कुऱ्हाडीला दाद न देणारा ओंडका पाचर ठोकली की सरळ फुटतो. धनुष्य घडवणारा कारागीर तंतू धनुष्याच्या लांबीच्या दिशेनं ठेवतो, कारण ओढताना येणारा ताण त्याच दिशेचा असतो. आपण बसवलेला स्क्रू मात्र बहुधा त्या तंतूंना आडवा जातो आणि त्यांना बाजूला सारतो. लाकूड ज्या कामासाठी निवडलं ते काम ते चोख करत असतं, आपण त्याच्याकडे भलतंच काम मागतो. रायझर जाड ठेवण्यामागेही हिशेब आहे. वाकवणारा जोर तेवढाच राहून जाडी दुप्पट झाली, तर पृष्ठभागावरचा ताण चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे जाड रायझरमधली छोटी इजा आणि पातळ लिम्बमधली तेवढीच इजा यांना एका तराजूत घालता येत नाही.

आता आट्यांकडे येऊ, कारण आपल्याकडे सर्वाधिक नुकसान इथेच होतं आणि ते सर्वात सहज टाळता येतं. ‘बोल्ट हातानं दोन फेरे आत गेला, म्हणजे मापाचा आहे’ हा ठाम समज आहे. धनुष्याच्या बुशिंगची मापं अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेनं इंचांत ठरवली आणि तीच जगभर चालतात. प्लंजर आणि स्टॅबिलायझरचं भोक 5/16 इंच व्यासाचं असतं आणि त्याला इंचामागे 24 आटे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच्याशी मिळताजुळता दिसणारा बोल्ट म्हणजे 8 मिलिमीटरचा. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर. फरक केसाएवढा, म्हणून बोल्ट तोंडाशी बसतो. पण दोन आट्यांमधलं अंतर बुशिंगमध्ये सुमारे 1.06 मिलिमीटर असतं, तर नेहमीच्या 8 मिलिमीटरच्या बोल्टवर 1.25. म्हणजे दर फेऱ्याला जवळजवळ 0.2 मिलिमीटरची तफावत साठत जाते आणि तिसऱ्या फेऱ्याला ती अर्ध्या आट्यापलीकडे पोचते. त्यानंतर पाना लावून जोर दिला की पोलादी बोल्ट पितळाचे आटे खरवडून काढतो. साईटच्या स्क्रूंचीही हीच गत. ते 4.83 मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला 24 आट्यांचे असतात, 5 मिलिमीटरचा साधा स्क्रू तिथे चालत नाही. योग्य मापाचा बोल्ट शेवटापर्यंत दोन बोटांनी फिरतो. मध्येच अडला, तर माप तरी चुकलं आहे किंवा तो तिरका तरी शिरला आहे. अशा वेळी तो उलटा फिरवून बाहेर काढायचा. पाना हातात घ्यायची ती वेळ नव्हे.

दुसरी समजूत अशी, की जितकं घट्ट तितकं सुरक्षित. स्टॅबिलायझरचं भोक बहुधा आरपार नसतं, त्याला तळ असतो. बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर त्याचं टोक तळाला टेकतं आणि पुढचा प्रत्येक फेरा बुशिंगलाच बाहेर खेचू लागतो. ते बुशिंग लाकडात इपॉक्सीनं चिकटवलेलं असतं. ती पकड एकदा सुटली की बुशिंग बोल्टबरोबर गरगर फिरतं, आणि आपल्याला वाटतं की अजून आवळायला हवं. लिम्ब सुटी करता येणाऱ्या टेकडाऊन धनुष्याच्या लिम्बच्या बोल्टबाबत हाच आग्रह आणखी महाग पडतो. दोरी चढवली की तिच्याच ताणानं लिम्ब रायझरच्या खोबणीत दाबून बसतं. बोल्टाचं काम ते जागेवर धरून ठेवण्याचं. हातानं फिरवायची गोल मूठ असलेल्या धनुष्यांत ती मूठ मुद्दामच तशी दिलेली असते. तिथे पकड लावून आवळलं तर लिम्बचा बुंधा चेपतो किंवा रायझरच्या खोबणीत तडा जातो. यावर आक्षेप येतो की सैल राहिलेला स्टॅबिलायझर प्रत्येक बाणाला खडखडतो आणि हळूहळू उघडतो. आक्षेप खरा आहे. त्याचा उपाय रबरी किंवा फायबरची चकती आणि सरावाच्या मध्यंतरात बोटांनी एकदा तपासणं हा आहे. अधिक जोर लावून कंपनं थांबत नाहीत, ती फक्त इपॉक्सीच्या थरावर जाऊन आदळतात.

जुन्या किंवा एकसंध लाकडी धनुष्यांना बुशिंगच नसतं, तेव्हा प्रश्न ड्रिलचा येतो. ‘कारखान्यातही भोकच पाडतात, मग आपण पाडलं तर काय बिघडलं?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. उत्पादक भोकाची जागा आधी ठरवतो आणि तिथे लाकूड जाड ठेवतो. ठोकळ्याला आकार देण्याआधीच तो काटकोनात भोक पाडू शकतो आणि पितळी बुशिंग चिकटवून जोर मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो. तयार धनुष्य हातात आल्यावर यातलं फारसं काही आपल्या हाती उरत नाही. बाणासाठी रायझर ज्या खिडकीपाशी कोरलेला असतो, तिथे लाकूड आधीच अरुंद झालेलं असतं आणि आपल्याला भोक हवं असतं ते नेमकं तिथेच. आरपार जाणारं ड्रिल बाहेर पडताना मागच्या बाजूचे तंतू उचकटतं. बुशिंगशिवाय थेट लाकडात फिरवलेला जाड स्क्रू पाचरीसारखाच वागतो. धनुष्य घडवण्याची जाण असलेला कारागीर हे काम सुरक्षितपणे करू शकतो, हेही सांगायला हवं. फर्निचर करणारा उत्तम सुतार त्याच योग्यतेचा असेलच असं नाही, कारण कपाटाचं फळकूट दिवसातून शंभर वेळा वाकवून सोडायचं नसतं. त्यात नव्यानं शिकणाऱ्याला या भोकाची निकड क्वचितच असते. चिकटवायचे अ‍ॅरो रेस्ट कुठलंही छिद्र न पाडता उत्तम काम देतात आणि नको झाले की निघतात.

आटे गेलेल्या धनुष्याची बाजू इथे मनापासून घ्यावीशी वाटते. बुशिंग निकामी झालं तर त्या बुशिंगला लावायची वस्तू लावता येत नाही, नुकसान एवढंच. आजूबाजूच्या लाकडात तडा नसेल, तर रायझरची ताकद होती तेवढीच राहते. साईट आणि स्टॅबिलायझर यांच्याशिवाय धनुर्विद्या अपुरी असं मानणाऱ्यांनी बेअरबो प्रकाराकडे पाहावं. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार त्यात साईट लावता येत नाही आणि लांब दांड्याचा स्टॅबिलायझरही चालत नाही, कारण दोरी उतरवलेलं धनुष्य त्याच्या जोडणीसह 12.2 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून पार व्हावं लागतं. तरीही ते तिरंदाज 50 मीटरवरच्या निशाण्यावर स्पर्धा करतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांतल्या इंडियन राउंडमध्ये तर मुलं बांबूच्या किंवा लाकडाच्या साध्या धनुष्यावर घडतात. त्यामुळे साईटचं भोक बिघडलं म्हणून धनुष्य टाकणं हा निव्वळ अपव्यय आहे, आणि आयात साहित्याच्या किमती पाहता तो अनेक घरांना परवडणाराही नाही. शिवाय दुरुस्ती होते. आटे थोडेच दुखावले असतील तर योग्य मापाचा टॅप फिरवून ते सरळ करता येतात. बुशिंगच सुटलं असेल तर ते काढून, भोक स्वच्छ करून इपॉक्सीनं पुन्हा बसवता येतं. उष्णतेनं इपॉक्सी मऊ पडतं, म्हणून जाणकार बुशिंगमधल्या बोल्टाला सोल्डरिंग आयर्न लावून ते अलगद ओढून काढतात. मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नये, तेही याच कारणानं.

लिम्बची गोष्ट अगदी वेगळी आहे. आधुनिक लाकडी रिकर्व्हच्या लिम्बमध्ये मधला गाभा लाकडाचा, बहुधा मेपलचा, आणि दोन्ही तोंडांना फायबरग्लासचे थर असतात. ओढताना निशाण्याकडचा थर ताणला जातो, तिरंदाजाकडचा दाबला जातो. सगळ्यात मोठा ताण या बाहेरच्या थरांवरच असतो आणि पाना, ड्रिल, वाइसचे जबडे हे सगळे आधी तिथेच लागतात. या फायबरचे धागेही लिम्बच्या लांबीनं धावतात. म्हणून लांबीच्या दिशेनं पॉलिशवर उमटलेली रेघ सहसा निरुपद्रवी असते, पण आडवा चरा धागेच तोडतो. कडेवरची खाच सर्वात वाईट, कारण ताण तिच्या टोकाशी एकवटतो आणि प्रत्येक ओढीबरोबर ती थोडी आत सरकते. 30 पौंडांचं धनुष्य म्हणजे पूर्ण ओढीवर सुमारे 13.6 किलो वजन पेलण्याइतका जोर आणि अंदाजे 30 ज्यूल साठलेली ऊर्जा. ती ऊर्जा बाणात जायच्या ऐवजी तुटलेल्या तुकड्यात गेली तर काय होईल, याची कल्पना करणं अवघड नाही. ‘महिनाभर वापरतोय, काही झालं नाही’ हा इथला नेहमीचा प्रतिवाद. अशी तूट हजारो ओढींमध्ये थोडी थोडी वाढत असते, त्यामुळे महिनाभर न मोडणं हा लिम्ब शाबूत असल्याचा पुरावा होत नाही. तपासायचं असेल तर दोरी उतरवून लिम्बच्या दोन्ही तोंडांवरून आणि कडांवरून कापसाचा बोळा फिरवावा. उठलेला धागा कापूस पकडतो. रेघेवरून आडवं नख फिरवावं. नख अडलं, किंवा हलकेच वाकवल्यावर बारीक कटकट आली, तर ते लिम्ब पुन्हा ओढू नये.

सुपरग्लूनं हे भागेल का? रायझरच्या पृष्ठभागावर तंतूंच्या दिशेनं गेलेली केसासारखी चीर पातळ सुपरग्लू मुरवून बंद करण्याची रीत धनुष्य घडवणाऱ्यांमध्येही आहे, त्यामुळे गोंदाला सरसकट वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. पण तो लाकडाच्या दोन कडा जुळवतो, तुटलेले ताणवाही धागे परत जोडत नाही. लिम्बच्या आडव्या खाचेत भरलेला गोंद ती फक्त डोळ्यांआड करतो, आणि पुढे तपासणाऱ्यालाही फसवतो.

जोडणी झाल्यावर एक घात राहतोच. साईट नीट बसली का पाहायला धनुष्य ओढलं जातं आणि बाण न लावताच दोरी सोडली जाते. बाण नसला की सगळी ऊर्जा लिम्ब, दोरी आणि ताज्या बसवलेल्या बुशिंगवर कोसळते. असं एकदा सोडल्यानंही लिम्बचे थर सुटू शकतात. जोडणी तपासायची तर ओढून सावकाश परत आणावं. दोरी हीसुद्धा जोडणीच आहे, हेही विसरलं जातं. हल्लीच्या न ताणल्या जाणाऱ्या धाग्यांच्या दोऱ्या बाण वेगानं फेकतात, पण टोकांना मजबुती न दिलेल्या जुन्या लिम्बना त्या कापतात. तिथे थोडी ताणली जाणारी डेक्रॉनची दोरीच योग्य, वेग जरा कमी मिळाला तरी.

बाद ठरवलेलं लिम्ब क्लबच्या मांडणीवर तसंच टांगून ठेवणं धोक्याचं आहे. नव्यानं आलेलं पोर त्यालाच दोरी चढवील. ते करवतीनं मधोमध कापून टाकावं, रायझर आणि बोल्ट जपून ठेवावेत. लिम्ब जोडीनं जुळवलेली असतात, एकाचाच जोडीदार वेगळा आणला तर धनुष्य वर-खाली असमान वाकतं. म्हणून एक लिम्ब गेलं की दोन्ही बदलायची, आणि खर्चाचा अंदाज पहिल्यापासून तसाच धरायचा.